रूळ गेले, वाट राहिली

अमेरिकेतील मेरिलंड राज्यात गनपावडर फॉल्स नावाच्या नदीकाठाने एके काळी नॉर्दर्न सेंट्रल रेल्वे धावत असे. १८६३ च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन गेटिसबर्ग येथील सुप्रसिद्ध भाषणासाठी याच मार्गाने गेले. १९७२ साली ॲग्नेस वादळाच्या महापुराने पूल वाहून गेले व गाड्या थांबल्या. पुढे रूळ काढून तेथे पायवाट करण्यात आली. १९८४ पासून ती लोकांस खुली झाली.

तीव्र चढावर लोखंडी चाके रुळांवरून घसरतात. म्हणून रेल्वेचा मार्ग शक्य तितका सपाट आखतात. त्यामुळे ही झाडीतील वाट मॅरेथॉन शर्यतीस सोयीची ठरली. नोव्हेंबरअखेर, पानगळीनंतरच्या थंड हवेत, धावपटूंनी येथे ४२.१९५ किलोमीटरांची शर्यत पुरी केली आहे.

परंतु सपाट वाट फसवी असते. चढ नसल्याने आरंभीच वेग वाढविण्याचा मोह होतो. शरीरातील साखरेचा साठा मर्यादित असतो. उतावळ्या धावपटूचा तो साठा सुमारे ३० किलोमीटरांनंतर संपत येतो आणि पाय जड होतात. उतार नसल्याने त्याच त्या स्नायूंना विसावाही मिळत नाही. जो प्रारंभी स्वतःस आवरतो, त्याचेच बळ अखेरपर्यंत पुरते. वाट सोपी असली, म्हणजे संयम अधिकच लागतो.