पुरीमची ताटे

यहुदी लोकांचा पुरीम नावाचा एक सण आहे. तो बहुधा होळीच्या सुमारास येतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनवार तेली, त्याला 'होळीचा सण'च म्हणत. इराणात यहुदी लोक कत्तलीतून वाचले, अशी एस्तेर राणीची कथा आहे. त्या सुटकेचा हा आनंद.

या दिवशी स्नेह्यासोबत्याला खाण्याचे दोन तरी जिन्नस पाठवायचे असतात. आपण ताट पाठवले, की तिकडूनही ताट येते. दहा घरी दिले, दहा घरचे आले! संध्याकाळपर्यंत खसखस भरलेली तिकोनी बिस्किटे, मेवा, मिठाई यांचा घरात ढीग पडतो.

आता हे खायचे कोणी? बरे, ठेवून तरी किती ठेवणार? महिन्याने पेसाह हा सण येतो. तेव्हा पाव, बिस्कीट, आंबवलेल्या पिठाचा कणसुद्धा घरात चालत नाही. म्हणून घरची बाई लगेच निवडायला बसते. ओले ते आधी संपवायचे. सुके डब्यात भरून मुलांना रोज थोडे द्यायचे. बंद पुडे असतील ते गरजूंना पोचवायचे.

मला विचाराल तर मुळात ढीगच लहान हवा. पुरीमला दोन गरिबांना तरी दान द्यावे, असाही नियम आहे. सुमारे ८०० वर्षांपूर्वी मोशे बेन मैमोन हे थोर धर्मपंडित होऊन गेले. त्यांनी लिहून ठेवले, की मेजवानी आणि ताटे यांपेक्षा गरिबांच्या दानावर जास्त खर्च करावा. म्हणून काही जण एकदोनच ताटे धाडतात. बाकीच्यांना शुभेच्छेचे कार्ड, आणि वाचलेला पैसा गरिबांना. हे दान मात्र पुरीमच्याच दिवशी त्यांच्या हातात पडावे लागते. दुसऱ्या दिवशी दिलेली उरलीसुरली बिस्किटे त्यात धरत नाहीत.