खोलीतली हवा सांभाळणारी चिप : एका अवकाश गेममधून विज्ञानाचा पाठ



"मुलगा दिवसभर गेम खेळतो" ही तक्रार आपण पालकसभेत नेहमी ऐकतो. बरेच गेम वेळ घालवण्यापुरतेच असतात, हे खरं. पण काही गेम असे आहेत की त्यात टिकून राहायचं तर विज्ञान कळावंच लागतं. आज अशाच एका गेमबद्दल लिहिते आहे. त्यातला एकच भाग घेऊ : बंद खोलीतली हवा आपोआप नीट ठेवणारा छोटासा प्रोग्राम. तो कसा लिहितात, कुठे फसतो, आणि संगणक नसलेल्या वर्गातही तो कसा शिकवता येतो, ते पाहू.

गेमची ओळख

गेमचं नाव स्टेशनीअर्स. न्यूझीलंडच्या रॉकेटवर्क्झ या कंपनीने तो बनवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये खेळाडूंसाठी खुला केला. चंद्रावर किंवा मंगळावर आपण उतरतो. तिथे भिंती उभारायच्या, वीज तयार करायची, पाणी-अन्न मिळवायचं आणि श्वास घेता येईल अशी खोली बांधायची. शत्रू कोणी नाही. चुकीची हवा हाच शत्रू!

गेममध्ये प्रत्येक खोलीतल्या वायूंचा हिशोब ठेवलेला असतो. ऑक्सिजन किती, नायट्रोजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, तापमान किती, सगळं. हा हिशोब आपण अकरावी-बारावीत शिकतो त्या आदर्श वायू समीकरणाने होतो. दाब गुणिले आकारमान बरोबर वायूचे मोल गुणिले स्थिरांक गुणिले तापमान.

उदाहरण बघा. गेममधला एक चौकोन २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच असतो, म्हणजे ८००० लिटर. त्यात २० अंश सेल्सिअसला (म्हणजे २९३ केल्विनला) १०० किलोपास्कल दाब हवा असेल, तर साधारण ३२८ मोल वायू भरावा लागतो. आपल्याकडे समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणून १०० हा आकडा सोयीचा.

मोजणं, ठरवणं, करणं

खोलीत तीन वस्तू लागतात.

१. वायू सेन्सर : तो दाब, तापमान आणि प्रत्येक वायूचं प्रमाण सांगतो.
२. व्हेंट : तो पाइपमधली हवा खोलीत सोडतो, किंवा उलट खोलीतली हवा ओढून घेतो.
३. चिप : तिच्यावर आपण प्रोग्राम लिहितो.

सेन्सर म्हणजे डोळे, व्हेंट म्हणजे हात आणि चिप म्हणजे डोकं, असं मुलांना सांगितलं की पुरतं. चिप एका खोक्यात बसते. त्या खोक्याला सहा स्क्रू असतात. कोणता स्क्रू कोणत्या यंत्राला जोडायचा ते स्क्रूड्रायव्हरने ठरवायचं. प्रोग्राम जास्तीत जास्त १२८ ओळींचा. आकडे लक्षात ठेवायला चिपकडे १६ "डबे" असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात.

गेममध्ये आज्ञा आखूड इंग्रजी शब्दांत लिहाव्या लागतात. इथे मी त्यांचा अर्थ मराठीत देते, कारण तर्क कळला की भाषा मागून येतेच.

पहिला नियम

१. एक ठोका थांब.
२. सेन्सरवरून दाब वाच आणि पहिल्या डब्यात ठेव.
३. दाब ९० पेक्षा कमी असेल तर व्हेंट चालू कर, नसेल तर बंद कर.
४. पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

झाला प्रोग्राम! गेममधला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ही चिप सेकंदाला दोनदा खोलीची विचारपूस करते.

पण थोडा वेळ बघत बसा. दाब ८९.९ झाला की व्हेंट चालू. लगेच ९०.१ झाला की बंद. पुन्हा ८९.९, पुन्हा चालू. व्हेंट नुसता फडफडत राहतो.

यावरचा उपाय आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आहे. मोटारीला "ऑटो" बसवलेला असतो ना? पाणी तळाच्या खुणेखाली गेलं की मोटार सुरू होते आणि वरच्या खुणेला टेकल्यावरच बंद होते. मधल्या पातळीला ती काहीच बदलत नाही. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. फ्रीज आणि गीझरसुद्धा असेच वागतात. म्हणून तिसरी ओळ अशी बदलायची :

- दाब ९० पेक्षा कमी असेल तर व्हेंट चालू कर.
- दाब १०० पेक्षा जास्त असेल तर व्हेंट बंद कर.
- मधे असेल तर आहे तसंच राहू दे.

"काही करू नकोस" हीसुद्धा एक आज्ञा असते, हे मुलांना इथे पहिल्यांदा समजतं.

तापमान मधे येतं

आता बंद खोलीत कोणीही वायू भरला नाही किंवा काढला नाही. फक्त रात्र झाली आणि खोली २० अंशांवरून उणे १० अंशांवर गेली. केल्विनमध्ये २९३ वरून २६३. दाब त्याच प्रमाणात घटतो, १०० चा साधारण ८९.८ होतो. चिपला वाटतं हवा कमी झाली! ती व्हेंट उघडते आणि १०० पर्यंत भरते. सकाळी खोली पुन्हा २० अंशांवर आली की दाब होतो सुमारे १११. बाहेर निर्वात पोकळी असताना आतला दाब वाढतच गेला, तर काच किंवा भिंत फुटू शकते.

म्हणजे दाबाचा नियम एकटा पुरत नाही. हीटर आणि कूलरसाठीही असाच दोन मर्यादांचा नियम लिहावा लागतो. आणि हो, सेन्सर तापमान केल्विनमध्ये सांगतो. २० अंश हवेत म्हणून कोणी "२०" लिहिलं तर खोली गोठलीच समजा. एककाचं महत्त्व सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

दाब बरोबर, तरी माणूस गुदमरला

आता या पाठाचा गाभा.

खोलीत १०० किलोपास्कल हवा आहे. नायट्रोजन ७९, ऑक्सिजन २१. माणूस आत राहतो आहे, श्वास घेतो आहे. ऑक्सिजन घटत १२ वर आला आणि कार्बन डायऑक्साइड ८ झाला. एकूण दाब किती? ७९ अधिक १२ अधिक ८, म्हणजे ९९. चिप सेन्सरला विचारते, "दाब किती?" सेन्सर खरं उत्तर देतो, "९९." नियमाप्रमाणे सगळं ठीक. व्हेंट शांत. आणि आतला माणूस बेशुद्ध पडायच्या बेतात.

सेन्सर खोटं बोलला नाही. चिपने नियम मोडला नाही. प्रश्नच अपुरा होता. यंत्र तेवढंच बघतं जेवढं आपण त्याला विचारायला सांगतो.

योग्य प्रश्न आहे ऑक्सिजनचा स्वतःचा दाब किती, म्हणजे एकूण दाब गुणिले ऑक्सिजनचं प्रमाण. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब आपल्या सुमारे एक तृतीयांश असतो. ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण त्याचा दाब जेमतेम ७ किलोपास्कल. म्हणून तिथे दम लागतो. याउलट १९७३ साली सोडलेल्या स्कायलॅब या अवकाशस्थानकातही दाब साधारण एक तृतीयांशच ठेवला होता, पण हवेत बहुतांश ऑक्सिजन होता. तिथे माणसं आठवडेच्या आठवडे नीट राहिली. (हेच ते स्कायलॅब, जे १९७९ मध्ये डोक्यावर पडेल म्हणून आपले आजी-आजोबा धास्तावले होते.)

मग मुलं म्हणतात, "मॅडम, ऑक्सिजनच भरून टाकू ना!" याचं उत्तर दुःखद आहे. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ ची जमिनीवर चाचणी चालू होती. यानात शुद्ध ऑक्सिजन होता आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने. आग लागली आणि तिन्ही अंतराळवीर गेले. म्हणून ऑक्सिजनला खालची मर्यादा हवी तशी वरचीही हवी.

आणि कार्बन डायऑक्साइड? एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या वीरांना ऑक्सिजनपेक्षा याच वायूची चिंता पडली होती. ते आसऱ्याला गेलेल्या चांद्रयानातले वायू शोषणारे डबे अपुरे पडत होते, आणि मूळ यानातले डबे चौकोनी असल्याने तिथे बसत नव्हते. पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळी आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी ते जोडले. म्हणून आपल्या चिपला तिसरा नियम : कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांच्या वर गेला की हवा गाळणारं यंत्र चालू, ०.२ टक्क्यांच्या खाली आला की बंद. गेममध्ये रोपं लावली तर तीही हा वायू घेऊन ऑक्सिजन देतात. प्रकाशसंश्लेषणाचा धडा इथे आपोआप जोडता येतो.

हे फक्त गेमपुरतं नाही. जुनी विहीर, मैल्याची टाकी, थंडीत शेगडी पेटवून दारं-खिडक्या बंद केलेली खोली, इथे माणसं जातात ती हवा नसते म्हणून नाही. हवा असते, पण श्वासाची नसते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. एवढं एक वाक्य मुलाने घरी नेलं तरी पाठ सार्थकी लागला.

दार उघडं राहिलं तर?

आणखी एक प्रसंग मुलांपुढे ठेवा. खोलीचं दार उघडं राहिलं, बाहेर चंद्रावरची पोकळी. दाब ९० च्या खाली. चिप व्हेंट उघडते. हवा बाहेर. दाब खालीच. व्हेंट चालूच. बुड नसलेल्या बादलीत पाणी ओतावं तसं चालतं आणि शेवटी टाकी रिकामी. नियम पाळूनच सगळी हवा गेली!

मग "दाब २० च्या खाली गेला तर व्हेंट बंद कर आणि भोंगा वाजव" असा नियम घालायचा का? घातला तर नवी खोली पहिल्यांदा भरताना चिप अडून बसेल, ती हाताने भरावी लागेल. आणि त्या खोलीत कोणी अडकलं असेल तर? टाकी वाचवायची की त्या माणसाला आणखी दोन मिनिटं द्यायची? इथे एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना वाद घालू द्या. हा निर्णय चिप घेत नाही, ती लिहिणारा माणूस आधीच घेऊन बसलेला असतो, हे त्यांना त्या वादातूनच कळेल.

वर्गात असं घ्या (संगणक नको)

साहित्य : १६ चिंचोके (नायट्रोजन), ४ मणी (ऑक्सिजन), ४ खडे (कार्बन डायऑक्साइड), खडू.

१. जमिनीवर खडूने गोल काढा. ही खोली. आत चिंचोके आणि मणी ठेवा, एकूण २०.
२. एक मूल सेन्सर, एक चिप, एक व्हेंट आणि एक "श्वास घेणारा".
३. चिपच्या हातात चिठ्ठी द्या : "एकूण वस्तू १८ पेक्षा कमी असतील तर व्हेंटला दोन चिंचोके टाकायला सांग."
४. दर फेरीला श्वास घेणारा एक मणी उचलतो आणि त्या जागी एक खडा ठेवतो.
५. सेन्सर मोजतो आणि फक्त एकूण संख्या सांगतो. "वीस!" चिप गप्प.
६. चार फेऱ्यांनंतर मणी संपतात. श्वास घेणारा खाली बसतो. सेन्सर अजूनही म्हणतो, "वीस!"

आता विचारा, चूक कोणाची? मुलं आधी सेन्सरला बोल लावतात, मग व्हेंटला. हळूहळू नजर चिठ्ठीकडे वळते. मग गटात चिठ्ठी नव्याने लिहायला सांगा आणि खेळ पुन्हा घ्या. नवीन चिठ्ठीत मणी किती, खडे किती असे प्रश्न आले की समजा, पाठ पोहोचला. मोठ्या वर्गांना टक्केवारी काढायला लावा.

पालकांसाठी दोन शब्द

मूल असा गेम खेळत असेल तर "किती वेळ खेळलास?" यासोबत "आज काय बिघडलं आणि तू ते कसं शोधलंस?" हेही विचारा. प्रोग्राम तयार कॉपी करून चिकटवला असेल तर एखादी ओळ दाखवून "ही काढली तर काय होईल?" असं विचारा. सांगता आलं तर शिकणं चालू आहे. नाही आलं तर दोघं मिळून ती ओळ काढून बघा. गेममध्ये खोली फुटली तरी पुन्हा बांधता येते. वेळेची मर्यादा मात्र ठेवाच, आणि तीही मुलाशी बोलून ठरवा.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

- व्हेंटला एकच मर्यादा दिली तर काय होतं?
- वायू न भरताही दाब का बदलतो?
- दाब ९९ असूनही माणूस का गुदमरला?
- तुमच्या घरातलं कोणतं यंत्र आपोआप चालू-बंद होतं? ते काय मोजतं आणि काय मोजत नाही?

शेवटचा प्रश्न गृहपाठ म्हणून द्या. इस्त्री, गीझर, टाकीची मोटार, रस्त्यावरचे दिवे, अशी यादी मुलं आणतील. त्या प्रत्येकासमोर "काय मोजत नाही" हा रकाना भरून घ्यायला विसरू नका. तुमच्या वर्गात चिठ्ठीचे कोणते नवे नियम निघाले, ते नक्की कळवा.