घड्याळ पुण्याचं, शहर व्हिएन्नाचं

लहान मुलांना घेऊन युरोपला जायचं ठरलं की आधी देशांची यादी होते. माझा सल्ला असा, की शहर एकच घ्या आणि तिथला दिवस मुलांच्या झोपेवर आखा. जूनमध्ये आमच्या चार आणि सात वर्षांच्या दोघांसह व्हिएन्नाला गेलो, तेव्हा हे पटलं.

उन्हाळ्यात व्हिएन्ना आपल्या साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं. संध्याकाळचे सहा म्हणजे त्याच्या दृष्टीने रात्रीचे साडेनऊ. आणि नेमका त्याच वेळी बाहेर लख्ख उजेड असतो, त्यामुळे मोठ्यांना फिरायचा मोह सुटत नाही. प्राटर या मनोरंजन उद्यानातला १८९७ सालचा प्रसिद्ध पाळणा बघायला आम्ही संध्याकाळी निघालो. धाकटी ट्राममध्येच झोपली आणि थोरल्याने रांगेत भोकाड पसरलं. चूक कोणाचीच नव्हती, पोरं पेंगुळली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मुलांचं घड्याळ फिरवायचा नाद सोडला. साडेपाचला जेवण, सातच्या आत पडदे ओढून झोप. मग पहाट आपली. शॉनब्रुन राजवाड्याची बाग सकाळी लवकर उघडते, तिला तिकीट नाही आणि तेव्हा गर्दीही नसते. आवारातलं प्राणिसंग्रहालय १७५२ सालचं, अजून चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं. ते नऊला उघडतं, तेव्हाच आत शिरा. बारापर्यंत मुलं दमतात. घरी येऊन खिचडी आणि झोप. राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. पाहायला त्यांतल्या थोड्याच खुल्या असल्या, तरी चार वर्षांच्या मुलाला त्याही फार होतात. आईबाबांनी आळीपाळीने जावं, दुसऱ्याने बागेत पोरं सांभाळावीत.

दुपारी पाऊस आला तर निसर्गविज्ञान संग्रहालय गाठा. तिथे डायनासोर आहेत आणि १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. मुलं अर्ध्या तासात कंटाळली तरी पैसे वसूल करायचे म्हणून त्यांना दालनादालनांतून ओढत न्यावं लागत नाही. शहरातल्या ट्राम-मेट्रोतही सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून दोन थांब्यांसाठीही खुशाल चढा.

राहायला भाड्याचं घर घेणार असाल, तर मजला नीट विचारून घ्या. जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर कधी ‘होखपार्टेर’, कधी ‘मेझानिन’ असे मजले येतात आणि त्यानंतर ‘पहिला’ मोजतात. आमच्या घरमालकाने ‘दुसरा मजला’ एवढंच कळवलं होतं. झोपलेली मुलगी खांद्यावर घेऊन जिने चढताना त्याचा अर्थ उमगला. ‘लिफ्ट आहे का’ एवढं विचारून थांबू नका, ‘रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती’ तेही विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा ही तिथे शांततेची वेळ मानतात. पहाटे चारला पलंगावर उड्या सुरू झाल्या की खालचे शेजारी छत ठोकतात. बॅगेत रंगखडू, चित्रांची पुस्तकं आणि पायमोजे हवेतच.

सर्वांत मोठा इशारा रविवारचा. शनिवारी संध्याकाळी सहाला सुपरमार्केटं बंद होतात, ती थेट सोमवारी उघडतात. दूध संपलंय हे रविवारी पहाटे कळून उपयोग नाही. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्थानकातलं किंवा प्राटरस्टर्न स्थानकातलं दुकान रविवारीही उघडं असतं. घरून पोहे, मेतकूट, डाळ-तांदूळ न्या. पेढे, पनीर, तूप मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस सोबत आणायला प्रवाशांना मनाई आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. तिथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं; पहिली जलवाहिनी १८७३ सालची आहे.

या बेतात संध्याकाळची मैफल आणि रोषणाई हुकते, हे आधीच मान्य करून निघा. त्याच्या बदल्यात मुलं दिवसभर हसरी राहतात. आणखी एक फायदा परत आल्यावर कळतो. झोपेचं घड्याळ पुण्याचंच राहिल्यामुळे मुलं दुसऱ्याच दिवशी वेळेवर उठून शाळेला जातात. पेंगत बसतात ते आईबाबा.