घोडी नाचली नाही म्हणून

एका जत्रेत माझ्या घोडीचा, मैनाचा, खेळ होता. त्या कार्यक्रमाचे निवेदक अजून चारचौघांत सांगतात, की ताईंची घोडी अर्धीकच्ची होती, गर्दी बघून बुजली आणि खेळ गुंडाळावा लागला. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातही तेवढंच दिसतं. घोडी कठड्याकडे उधळते, मी हात खाली सोडून उभी आहे, मागून शिट्ट्या. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापून टाकलंय. ते इथे सांगते. हल्ली घोड्यांच्या जत्रांपासून फार्महाउसवरच्या वाढदिवसांपर्यंत ‘बिनदोरीचा घोडा’ दाखवायची हौस वाढली आहे. तसं बोलावणं ज्यांना येईल त्यांच्या हे उपयोगी पडेल.

मैना मारवाडी, कुमैत रंगाची. शिंगरू असल्यापासून माझ्याकडेच वाढली. नॅचरल हॉर्समनशिपच्या पद्धतीने मी तिच्याशी काम करते. म्होरकी नाही, लगाम नाही, चाबूक नाही. मी चालले की ती माझ्या खांद्याशी राहून चालते, थांबले की थांबते. हात वर केला की रिंगणाच्या कडेने दुडक्या चालीने जाते आणि मी नजर खाली घेतली की परत येते. ती हलगीवर पाय उचलत नाही, दोन पायांवर उभी राहत नाही, खाटेवर चढत नाही. आपल्याकडे घोड्याचा खेळ म्हटलं की लोकांना हेच बघायची सवय, म्हणून पहिल्याच फोनवर मी आयोजकांना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, “ताई, नाचणारे आमच्याकडे ढिगाने येतात. आम्हाला तुमचं वेगळंच पाहिजे.”

मग दुसरा फोन. विकायला आलेलं, अंगाला हात लावू न देणारं एखादं घोडं आम्ही देतो, ते अर्ध्या तासात शांत करून दाखवा. हे कुठून आलं ते मला कळत होतं. माँटी रॉबर्ट्स या अमेरिकन माणसाने १९८९ मध्ये विंडसरला इंग्लंडच्या राणीपुढे आपली पद्धत करून दाखवली, पुढे त्याचं पुस्तक जगभर खपलं, आणि आता तसले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी नाही म्हटलं. अनोळखी घोड्याला गोल कुंपणात घालून पळवत राहिलं, की तो कधीतरी मधल्या माणसाकडे येतोच, कारण उभं राहू देणारी तेवढी एकच जागा त्याला उरलेली असते. तो जीभ फिरवतो, जबडा हलवतो, आणि निवेदक सांगतो, बघा, शरण आला. प्रत्यक्षात बरेचदा ती ताण उतरताना होणारी हालचाल असते, म्हणजे आधी ताण होता याचाच तो पुरावा. त्यावर विश्वासाच्या नावाने टाळ्या घ्यायला मी तयार नव्हते, आजही नाही. कुणी असं घोडं पुढे केलं तर तुम्हीही घेऊ नका. गर्दीसमोर अर्ध्या तासाचं घड्याळ लावून कुठल्याही जनावराला काही शिकवता येत नाही.

आयोजकांनी तेही मान्य केलं. सगळं मान्यच करत होते. सहा फूट उंच पाइपांचं गोल कुंपण, खाली मऊ माती, घोडीला जागा दाखवायला आदली संध्याकाळ, आणि मैना रिंगणात मोकळी असेपर्यंत कुठलंही वाद्य वाजणार नाही. “ताई, तुम्ही निर्धास्त या.”

गेल्यावर पाहिलं तर मांडववाल्याचे कमरेएवढे लोखंडी बॅरिकेड बाइंडिंग वायरने एकमेकांना बांधलेले. त्यांचे पाय आत आलेले, म्हणजे धावत्या घोडीची नळी नेमकी त्यांत अडकणार. जमिनीवर लाल मॅटिंग. नाल मारलेला खूर मॅटिंगवर कसा सरकतो हे घोडेवाल्याला सांगावं लागू नये. मी मॅटिंग काढायला लावलं, बॅरिकेड उलटे फिरवून पाय बाहेर करायला लावले, प्रेक्षकांची दोरी चांगली लांब मागे बांधून घेतली. आमच्या मोतद्दार मामांनी स्वतः वायरीची टोकं वाकवली. तोवर काम करता येईल अशी जागा झाली होती, आणि मैना शांत होती. संध्याकाळी तिने रिंगणभर वास घेतला, लघवी केली, एकदा लोळली. घोडी अनोळखी जागी लोळते तेव्हा तिने ती जागा मान्य केलेली असते.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा खेळ नीट झाला. त्याचा व्हिडिओ कुणी फिरवत नाही. लोक गप्प बसून बघत होते. एक म्हातारे घोडेवाले पुढे येऊन म्हणाले होते, “पोरी, हिचा कान तुझ्याकडं हाय.” त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मोकळ्या घोडीचा माझ्या बाजूचा कान माझ्यावर असतो, दुसरा जगावर. मी सगळा वेळ तेच बघत असते.

मग प्रमुख पाहुणे आले. उशिरा आले. त्यांच्यासाठी दोरी सोडून सोफे थेट कठड्याला लावले, आणि दोरी सुटली तशी मागची पोरंही पुढे येऊन बॅरिकेडच्या पट्ट्यांतून पाय आत घालून बसली. मी निवेदकांना खूण केली. त्यांनी हसून हात जोडले आणि माइकवर जाहीर केलं, “आता ताई आपल्या सन्माननीय पाहुण्यांसाठी घोडी दोन पायांवर उभी करून दाखवणार आहेत!” त्याच दमात हलगीवाल्यांना इशारा गेला. ते आधीपासून मंडपामागे तयार बसवलेले होते. म्हणजे हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं.

हलगीची पहिली थाप पडली तेव्हा मैना माझ्या उजव्या खांद्याशी होती. माझ्याकडचा कान गेला. दोन्ही कान मागे, आवाजाकडे. डोळ्याच्या वरच्या हाडावर एक त्रिकोणी सुरकुती उठली, नाकपुड्या ताणून कडक झाल्या, खालचा ओठ आत ओढला गेला. शेपटी बुंध्याशी दाबली गेली आणि बरगडीच्या मागची कातडी थरथरायला लागली. अजून ती माझ्याबरोबर चालत होती. पाय चालत होते, घोडी गेली होती. मला तिथेच समजलं, की आता मी काय करते याला काही अर्थ उरलेला नाही, आणि या माणसांनी ते ठरवून केलंय.

ही पद्धत आत कशी चालते ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. टॉम आणि बिल डॉरन्स हे भाऊ आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला रे हंट, यांनी अमेरिकेतल्या गुरांच्या रानांत हे काम रुजवलं. त्याचं मर्म एवढंच, की घोड्यावर थोडा दाब आणायचा आणि त्याने योग्य दिशेला अंगाचा नुसता कल दाखवला, की तत्क्षणी दाब काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. बिनदोरीच्या घोडीला द्यायला माझ्याकडे खाऊ नसतो, काही नसतं. माझ्याजवळ आलीस की तुला उसंत मिळेल, एवढी एकच गोष्ट मी देऊ शकते. हलगी आणि चारी बाजूंचे स्पीकर सुरू झाल्यावर माझ्याजवळही उसंत नव्हती. तिने माझ्याकडे यावं तरी कशासाठी? त्यात घोड्याला माणसापेक्षा वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. आपली हद्द वीस हजार हर्ट्झला संपते, त्याची तेहतीस हजारांपर्यंत जाते. स्पीकरमधून मध्येच निघणारी शिट्टी आपल्याला नुसती बोचते, मैनाचं काय होत असेल. आणि जवळजवळ चहूकडे दिसणारी नजर असली, तरी बरोबर शेपटीमागे त्याला दिसत नाही. हलगी तिथूनच वाजत होती.

मी कॉलरच्या माइकवर म्हणाले, “हलगी बंद करा, मुलांना मागे घ्या.” आवाज बाहेर गेलाच नाही. माझा माइक त्यांनी बंद केला होता. दुसऱ्यांदा ओरडले ते हलगीत बुडालं. मैना सुटली, कठड्यापर्यंत गेली, पोरांच्या पायांपासून हातभर अंतरावर चारही पाय रोवून थांबली आणि वळली. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, भीतीने आंधळं झालेलं, तरी ती वळली. ‘अर्धीकच्ची’ घोडी वळत नाही. मी हात खाली सोडून उभी राहिले ते घाबरून नव्हे. हात वर असता तर तो तिच्यावर आणखी एक दाब झाला असता, आणि मग तिला कठडा ओलांडणं एवढंच शिल्लक राहिलं असतं. ती दोन फेऱ्या मारून आली, मी म्होरकी चढवली, मामांनी फट उघडली, आम्ही बाहेर पडलो. क्लिपमध्ये हे नाही.

“घोडी आज मूडमध्ये नाही वाटतं,” निवेदक माइकवर. त्यांचा माइक अर्थातच चालू होता.

मंडपामागे आयोजकांनी गाठलं. “ताई, पाच मिनिटं निभावलं असतं तर काय बिघडलं असतं? वारीत माउलींचा अश्व एवढ्या लाखांत धावतो, तो नाही बुजत.” सगळ्यांत जास्त मला हे वाक्य लागलं, कारण वारी मी लहानपणापासून पाहिली आहे. शितोळे सरकारांचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. पुढे वारीभर टाळ-मृदंग रोज त्यांच्या कानांवर पडतो. रिंगण लागतं तेव्हा चोपदार माणसं आवरतात, वाट मोकळी राहते, स्वाराचा अश्वही बरोबर धावतो, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात ते अश्व पुढे गेल्यावर. तिथे लाखो वारकरी त्या घोड्यासाठी शिस्त पाळतात. इथे दहा सोफ्यांची शिस्त पाळता आली नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर त्यांनी उरलेले पैसे देणार नाही म्हणून सांगितलं.

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. सगळं लिहून घ्या. फोनवरचं ‘निर्धास्त या’ कामाचं नाही. कुंपणाची उंची, ते कशाचं बनलेलं आहे, प्रेक्षक किती लांब, वाद्य कधी वाजणार नाही, आणि मुख्य म्हणजे खेळ कुठल्याही क्षणी थांबवायचा अधिकार घोडेवाल्याचा आणि थांबवला तरी पैसे पूर्ण, हे वाक्य त्यात हवंच. आयोजक या वाक्यावर सही करायला टाळाटाळ करू लागला, की पुढचं सगळं तिथेच कळतं. ध्वनिक्षेपकाच्या टेबलाशी आपला माणूस बसवा. माइक बंद-चालू करायचं बटण त्याच्या हाताखाली पाहिजे. शिट्टी गळ्यात ठेवा, माइक गेला तरी ती ऐकू जाते, पण घरी घोडीला त्या शिट्टीची आधी सवय करा. एक कॅमेरा तिवईवर लावून गाडीतून उतरल्यापासून गाडीत चढेपर्यंत सगळं टिपा. माझ्याकडे तो असता तर कापलेला तुकडा कुणाला फिरवता आला नसता.

पाणी घरचं न्या, पिंपभर. अनोळखी पाणी बरेच घोडे तोंडाला लावत नाहीत, आणि प्रवासात कमी प्यालं की पोटशूळ उठतो. धनुर्वाताची लस झालेली हवी. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला जवळ ठेवा आणि शेजारी बांधल्या जाणाऱ्या घोड्यांचाही मागा. रागावतात, रागावू द्या. हा रोग माणसालाही होतो आणि निघाला तर घोडा मारावाच लागतो. लोकांसमोर करमणुकीसाठी जनावर उभं करायचं तर २००१ च्या परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्स नियमांखाली प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आयोजक याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आदल्या रात्री झोप घ्या, शांत राहा, वेळेआधी पोहोचा, हे तर आहेच.

आणि कुणी रिंगणात उभं असताना ‘आणखी एक करून दाखवा’ म्हटलं, मग तो पाहुणा असो, आमदार असो की स्वतः आयोजक, तर म्होरकी चढवा आणि बाहेर या. लोक काय म्हणतील याचा विचार घरी गेल्यावर करता येतो. मी तेच केलं आणि पुन्हा तेच करीन.

जत्रा भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की आमचे पैसे बुडवलेत ते बुडवलेत, पण पुढच्या हंगामाच्या आत ते बॅरिकेड काढून नीट कुंपण घाला. पहिल्या रांगेत लहान मुलं बसतात.