दंड भरला, पण दारू सुटली का?

मागच्या आठवड्यात एक बाई नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. दारू पिऊन मोटारसायकल चालवताना तो दुसऱ्यांदा पकडला गेला होता. "डॉक्टरसाहेब, दंड तर भरला. पण यांची दारू कशी सुटायची?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमात उपचारांचा उल्लेख नाही. अमेरिकेत मात्र अनेक ठिकाणी अशा चालकांसाठी खास न्यायालये आहेत. उपचारांना कोणाला पाठवायचे, हे ती कसे ठरवतात?

तेथे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. पहिली, हा माणूस पुन्हा तोच गुन्हा करण्याचा धोका किती? त्यासाठी पूर्वीचे गुन्हे पाहतात. दुसरी, त्याला व्यसन जडले आहे काय? त्यासाठी आधी छोटी प्रश्नावली आणि गरज वाटल्यास तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी होते. एखाद्या वेळी चूक केलेल्याला शिक्षा व समज पुरते. धोका आणि व्यसन दोन्ही असतील, तर उपचार, वारंवार तपासणी आणि न्यायाधीशांपुढे नियमित हजेरी लावली जाते.

रक्तातील आकडा फक्त त्या रात्रीचे सांगतो, व्यसनाचा निवाडा तेवढ्यावर होत नाही. तरीही आकडा मोठा असून माणूस ताठ चालत असेल, तर शरीर दारूला सरावल्याची ती खूण आहे. "मला चढत नाही" ही फुशारकी म्हणजे खरे तर आजाराचे लक्षण आहे.

घरच्या घरी विचारता येतील असे चार प्रश्न डॉ. युइंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ साली मांडले:

१) दारू कमी करावी असे कधी वाटले काय?
२) कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो काय?
३) पिण्याबद्दल मनाला खंत वाटते काय?
४) सकाळी उठल्याबरोबर घोट घ्यावा लागतो काय?

दोन किंवा अधिक उत्तरे 'हो' आली, तर डॉक्टरांना भेटावे.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने दारू एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात, प्रसंगी जिवावर बेतते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

त्या गृहस्थांनी मान खाली घालून तीन प्रश्नांना 'हो' म्हटले. मी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रासाठी चिठ्ठी दिली. गाडीची किल्ली मात्र बाईंनी आधीच पर्समध्ये टाकली होती. उपचारांची सुरुवात तेथूनच झाली, असे मी मानतो.