वसंतातला प्राणायाम: गावातच की लोणावळ्याला?

प्रश्न: तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) येथील एक शेतकरी वाचक विचारतात, रब्बीची सुगी उरकली की थकवा आणि कफ जाणवतो. प्राणायाम शिकायला लोणावळ्यालाच जावे लागेल का?

उत्तर: लोणावळ्याचे नाव सुचणे स्वाभाविक आहे. स्वामी कुवलयानंदांनी तेथे १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याची वाट घालून दिली. बसणे आणि श्वास जाणकारासमोर तपासून घ्यायचे असतील, तर अशा ठिकाणचे काही दिवस जरूर उपयोगी पडतात.

रोजचा सराव मात्र गावातच होतो.

आयुर्वेदानुसार हिवाळ्यात साचलेला कफ वसंतात पातळ होतो, म्हणून या ऋतूत हलका आहार आणि व्यायाम सांगितला आहे. मराठवाड्यात मार्चपासूनच ऊन तापते. तेव्हा सूर्योदयापूर्वी, रिकाम्या पोटी, शेताच्या बांधावर किंवा गावातील त्वरिता देवी मंदिराच्या परिसरात बसावे. मळणीची धूळ उडत असेल तेथे बसू नये.

सुरुवात पाच मिनिटांच्या अनुलोम-विलोमाने करावी. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. त्याने हृदयाची गती मंदावते, मन निवते. शेवटी भ्रामरी करावी.

कपालभाती कफासाठी सांगितली जाते. पण उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असल्यास ती टाळावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा धाप लागली, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.