व्हिस्की चाखायची कशी? लेबल झाकून करायचा एक प्रयोग

भारतात जाताना विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून व्हिस्की घ्यायची वेळ परदेशात राहणाऱ्या बऱ्याच जणांवर येते. समोर शंभरेक बाटल्या असतात आणि निवड बहुधा दोन आकड्यांवरून होते: किंमत आणि वय. १८ वर्षांची म्हणजे १२ वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. पण लेबल झाकलं, तर त्या दोघींतला फरक तुम्हाला ओळखता येईल का? आणि ओळखता आला नाही, तर जास्तीचे पैसे नेमके कशाचे दिले?

हा प्रश्न घरच्या घरी सोडवता येतो. शाळेच्या प्रयोगवहीत लिहायचो त्याच क्रमाने पाहू.

तत्त्व

जिभेला मोजक्याच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तो बहुतांशी वास असतो. घोट गिळल्यावर त्याची वाफ घशामागून नाकात चढते आणि तिथले सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक कामाला लागतात. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावा आणि मग चिमूट सोडा. बडीशेपेची ओळख पटते ती त्या क्षणी.

व्हिस्कीत आणखी एक गोष्ट घडते. मिरचीचा तिखटपणा आणि चटका देणारी उष्णता आपल्याला एकाच प्रकारच्या ग्राहकातून जाणवते. हा ग्राहक साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात मात्र तो ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो, म्हणजे आपल्या तोंडाचं नेहमीचं तापमानही त्याला गरम वाटतं. पहिल्या घोटाला होते ती जळजळ हीच. ती व्हिस्कीची चव नव्हे, आणि तिच्यावरून व्हिस्की ‘कडक’ म्हणून चांगली किंवा वाईट ठरवणं व्यर्थ आहे.

साहित्य

चार वेगळ्या घराण्यांच्या व्हिस्की घ्या. महाग असायला हव्यात असं नाही.

१. बर्बन. ही अमेरिकेची. धान्यात किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळून काळं केलेलं ओकचं कोरं पिंप, असा नियम आहे.

२. आयरिश पॉट स्टिल. यात मोड आणलेली आणि न आणलेली अशी दोन्ही प्रकारची बार्ली असते, आणि ऊर्ध्वपातन बरेचदा तीनदा करतात.

३. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट सिंगल माल्ट, उदाहरणार्थ आर्डबेग, लॅफ्रोएग किंवा लागावुलिन.

४. भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन. अमृत २००४ मध्ये ग्लासगोत बाजारात आली आणि पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनमध्ये, त्यामुळे परदेशात त्या मिळतात.

शिवाय तोंडाशी निमुळते होणारे चार ग्लास, साधं पाणी, मोजायला ५ मिलिलिटरचा चमचा आणि थुंकायला एक भांडं. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास पसरून जातो. निमुळत्या ग्लासात तो नाकाजवळ साठतो. बर्फ नको, कारण थंडीने वासाचे रेणू हवेत कमी उडतात.

कृती

प्रत्येक ग्लासात १५ मिलिलिटर ओता. चार मिळून ६० मिलिलिटर, म्हणजे एक लार्ज पेग. एवढ्यात चौघांचं सहज भागतं. धुरकट ग्लास शेवटी ठेवा, कारण धुराचा वास नाकात रेंगाळतो आणि पुढच्या ग्लासाचा निकाल बिघडवतो.

आधी रंग पाहा आणि लगेच विसरा. स्कॉच आणि आयरिश व्हिस्कीत रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, बर्बनमध्ये नाही. त्यामुळे गडद रंग म्हणजे जास्त मुरलेली व्हिस्की, हे खात्रीने म्हणता येत नाही.

मग वास घ्या. नाक ग्लासात खुपसू नका. हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. अत्तरासारखा जोरात श्वास घेतलात तर अल्कोहोलच नाकाला झोंबेल. तीनचार हुंगण्यांनंतर नाक त्या वासाला सरावतं, तेव्हा मिनिटभर थांबा. जाणवलं ते लगेच लिहा, आणि तेही आपल्या शब्दांत. इंग्रजी पुस्तकात ‘हेदरचं फूल’ लिहिलेलं असेल, पण ते कधी हुंगलंच नसेल तर त्या शब्दाचा तुम्हाला उपयोग नाही. सुकं खोबरं, लवंग, काकवी, पिकलेलं केळं हे शब्द तितकेच शास्त्रीय आहेत.

आता एक लहान घोट. तो तोंडभर फिरवा आणि पहिला घोट सोडून द्या, कारण त्यात जळजळच जास्त असते. दुसऱ्या घोटानंतर नाकाने श्वास सोडा आणि वास किती वेळ टिकतो ते पाहा.

शेवटी पाणी. १५ मिलिलिटर ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत एक चमचा पाणी घातलं की ती ३० टक्क्यांवर येते, तीन चमचे घातले की २० टक्क्यांवर. कारखान्यातले ब्लेंडर हुंगण्यासाठी व्हिस्की साधारण २० टक्क्यांवरच आणतात. पाणी घालणं हा व्हिस्कीचा अपमान, असं सांगणाऱ्या मित्राला हे जरूर कळवा. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकोल यांच्या मिश्रणाची प्रतिकृती केली. ग्वायाकोल हा धुरकट वासाचा एक प्रमुख रेणू. अल्कोहोल ४५ टक्के किंवा कमी असताना तो द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेलगत राहतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोल त्याला वेढून आत ओढतं. हे गणित एका रेणूचं आहे. पाणी घातल्यावर काही वास वर येतात, काही मंदावतात, म्हणून दोन्ही वेळा नोंद करा.

निरीक्षणे आणि त्यांची कारणे

बर्बनमध्ये व्हॅनिला आणि सुकं खोबरं बहुधा सापडेल. लाकडातलं लिग्निन उष्णतेने तुटलं की व्हॅनिलिन तयार होतं. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनचा. पिंप कोरं असल्यामुळे हे दोन्ही भरपूर उतरतात. मग तेच वापरलेलं पिंप बरेचदा स्कॉटलंड, आयर्लंड किंवा भारतात जातं आणि तिथल्या व्हिस्कीला हेच वास सौम्यपणे देतं. लवंगेसारखा वास जाणवला तर तो युजेनॉलचा. लवंगेतही तोच रेणू असतो.

आयरिश ग्लासात तेलकट, दाट पोत आणि मसालेदार झाक शोधा. मोड न आणलेल्या बार्लीची ती खूण मानतात. केळ्यासारखा वास कुठल्याही ग्लासात येऊ शकतो. तो आयसोअमाइल अॅसिटेटचा, आणि तो पिंपात जाण्याआधी, आंबवताना यीस्टने केलेला असतो.

आयलाच्या ग्लासात टिंक्चर, बँडेज, विझलेली शेकोटी आठवेल. तिथे मोड आलेली बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. त्या धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात आणि थेट बाटलीपर्यंत येतात.

भारतीय ग्लासाकडे जरा थांबा, कारण वयाचा प्रश्न इथेच सुटतो. लेबलवरचं वय म्हणजे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीने पिंपात काढलेली वर्षं. पण पिंपातली वर्षं सगळीकडे सारखी नसतात. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. बंगळुरूत १० टक्के किंवा त्याहून जास्त. १० टक्क्यांचा हिशेब केला तर सात वर्षांत पिंप निम्म्यापेक्षा खाली येतं. उष्णतेमुळे लाकडातले पदार्थही लवकर उतरतात. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर बरेचदा वय लिहिलेलंच नसतं, आणि ते नसणं हा दोष नव्हे. गोव्यात १८ वर्षं ठेवलेल्या पिंपात फार थोडी व्हिस्की उरेल, आणि जी उरेल तिच्यात लाकूडच बोलेल.

पडताळा

आतापर्यंत तुम्हाला लेबल माहीत होतं, त्यामुळे नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर चाखणाऱ्या ५४ जणांनी तिच्या वासासाठी रेड वाइनचे शब्द वापरले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एकच वाइन १० डॉलरची आणि ९० डॉलरची म्हणून दिली, तर ‘महाग’ वाइन लोकांना जास्त आवडली. मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसला. लोक खोटं बोलत नव्हते. किंमत खरोखर चवीत मिसळली होती.

यावर उपाय त्रिकोणी चाचणीचा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोन सारखे, एक वेगळा. ग्लासांना कागद गुंडाळा म्हणजे रंग दिसणार नाही. वेगळा ग्लास तुम्ही ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. चार वेळा जागा बदलून चारही उत्तरं बरोबर आली, तर ते नशीब असण्याची शक्यता १/८१. तेव्हा म्हणा की फरक कळतो. १२ आणि १८ वर्षांच्या बाटल्यांवर हे एकदा करून पाहा. हुंगूनच बरंच भागतं. चाखलं तर थुंका, कारण चौथ्या फेरीला शुद्ध नाक हवं. आणि दारूची पूर्णपणे निर्धोक अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणंही लक्षात ठेवा. गाडी चालवणाऱ्याने ग्लास फक्त भरायचे.

निष्कर्ष

कुठली व्हिस्की आवडावी हे शास्त्र सांगत नाही. पण दोन व्हिस्कींत तुम्हाला फरक जाणवतो का, हे चाचणी सांगते. जाणवला आणि जुनी जास्त आवडली तर जास्तीचे पैसे खुशाल द्या. जाणवला नाही तर स्वस्त बाटली घ्या आणि उरलेल्या पैशांत मित्राला जेवायला न्या.

घेत नसाल, किंवा तुम्ही राहता तिथे कायद्याने मनाई असेल, तर हीच चाचणी दोन कंपन्यांच्या चहावर करा. आमच्याकडे अमुकच चहा लागतो असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. तीन कप पुरतात.